अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी

अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी (१६ सप्टेंबर, १८९३:बुडापेस्ट - २२ ऑक्टोबर, १९८६:वूड्स होल, अमेरिका) हे हंगेरियन जीवरसायनशास्त्रज्ञ होते. त्यांना १९३७ चे शरीरक्रियाशास्त्र किंवा वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वैद्यकीय शिक्षण चालू असताना ते पहिल्या महायुद्धात ओढले गेले. युद्धाला विटून त्यांनी स्वतःच्या दंडात गोळी झाडून घेतली आणि घरी परतून १९१७ मध्ये पदवी पूर्ण केली. पुढे केंब्रिज येथे त्यांनी अधिवृक्क ग्रंथी व वनस्पतींपासून एक आम्ल वेगळे केले. हेच क जीवनसत्त्व असल्याचे १९३२ मध्ये सेगेद येथील त्यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले. पुढील संशोधनासाठी ते मोठ्या प्रमाणात हवे होते. ते सेगेदच्या परिसरात पिकणाऱ्या पाप्रिका मिरचीत सापडले. रात्रीच्या जेवणात पानात आलेली मिरची खाण्याचे टाळून ते ती प्रयोगशाळेत घेऊन गेले, अशी आठवण ते सांगत असत.

व्हिटॅमिन पी

काही रुग्णांच्या केशवाहिन्या नाजूक होऊन त्वचेखाली रक्तस्राव होत असे. त्यांना शुद्ध क जीवनसत्त्व देऊन गुण आला नाही. लिंबाच्या रसाने व पाप्रिकाच्या अर्काने मात्र आला. त्यावरून या वनस्पतींत आणखी एखादा घटक असावा, असे सेंट-ग्यॉर्गी यांना वाटले. लिंबातील फ्लॅव्होनॉइडांच्या मिश्रणाला सिट्रिन हे नाव मिळाले. इश्तवान रुसन्याक यांच्यासह त्यांनी १९३६ मध्ये या द्रव्यांना 'व्हिटॅमिन पी' म्हटले. त्यातील 'पी' हे अक्षर 'पर्मिएबिलिटी' म्हणजे पारगम्यता या शब्दातील होय. बिंबाणूंच्या कमतरतेमुळे होणाऱ्या रक्तस्रावावर मात्र सिट्रिनचा उपयोग झाला नाही.

एखादे द्रव्य औषधासारखे गुणकारी असणे आणि त्यावाचून शरीराचे न चालणे या भिन्न गोष्टी आहेत. जीवनसत्त्व ठरण्यासाठी दुसरी गोष्ट सिद्ध व्हावी लागते. त्यासाठी स्कर्व्हीकारक आहारावरील गिनीपिगांना सिट्रिन देण्यात आले. आरंभी ते अधिक जगल्याचे दिसले. पण पुढील प्रयोगांत, क जीवनसत्त्वाचा अंशही नसताना, तसा परिणाम मिळाला नाही. हे सेंट-ग्यॉर्गी यांनी स्वतःच प्रसिद्ध केले. आपलाच दावा इतक्या लवकर तपासून दुबळा करणारा शास्त्रज्ञ विरळाच. तरीही ते नाव बरीच वर्षे प्रचारात राहिले. अखेर १९५० मध्ये अमेरिकेतील जीवरसायन व पोषणशास्त्राच्या संस्थांच्या संयुक्त समितीने ते वगळण्याची शिफारस केली. सिट्रिनमधील हेस्परिडिन व त्याच कुळातील डायोस्मिन यांच्या गोळ्या युरोपात शिरांच्या विकारांवर आजही दिल्या जातात.

उत्तरायुष्य

१९४० च्या दशकात सेगेद येथेच त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्नायूंच्या आकुंचनावर मूलभूत संशोधन केले. दुसऱ्या महायुद्धात नाझींविरोधी हालचालींमुळे त्यांना भूमिगत व्हावे लागले. १९४७ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि वूड्स होल येथे अखेरपर्यंत कर्करोगावर संशोधन करीत राहिले.