जयपालसिंग मुंडा : सल्ला आणि संमती

संविधानाची पाचवी अनुसूची वाचताना आपण एका शब्दापाशी थांबावे. अनुसूचित क्षेत्रातील जमिनीविषयी विनियम करण्यापूर्वी राज्यपालाने जनजाती सल्लागार परिषदेचा विचार घ्यावा, असे तेथे म्हटले आहे. तिची संमती घ्यावी, असे नाही. हे अंतर संविधान सभेतच बोलून दाखवणारे सदस्य म्हणजे जयपालसिंग मुंडा.

त्यांचा जन्म १९०३ साली छोटा नागपूरमधील खुंटीजवळच्या टकरा गावी, मुंडा कुटुंबात झाला. रांचीच्या मिशनरी शाळेतून ते ऑक्सफर्डला गेले. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ते भारतीय हॉकी संघाचे कर्णधार होते. अनेकांना त्यांची ओळख असते ती एवढीच. १९३९ साली ते आदिवासी महासभेचे अध्यक्ष झाले.

डिसेंबर १९४६ मध्ये ध्येयविषयक ठरावावर बोलताना त्यांनी 'जंगली' हे संबोधन अभिमानाने स्वीकारले आणि लोकशाही आदिवासींना शिकवावी लागत नाही, इतरांनीच ती त्यांच्याकडून शिकावी, असे मांडले. 'आदिवासी' या शब्दाचा त्यांचा आग्रह याच भूमिकेतून आलेला होता. या भूमीचे पहिले रहिवासी ही ओळख कायद्याने मान्य व्हावी, अशी त्यांची मागणी होती. संविधानात मात्र 'अनुसूचित जनजाती' हीच संज्ञा राहिली.

पाचव्या अनुसूचीच्या पहिल्या मसुद्यात परिषदेच्या मताला राज्यपालावर बंधनकारक असे वजन होते. सप्टेंबर १९४९ मध्ये आलेल्या सुधारित मसुद्यात ते उरले नाही, निर्णय राज्यपालाच्या हाती गेला. परिषद निर्बल केली गेल्याची खंत जयपालसिंगांनी सभागृहात नोंदवली. हा तपशील कोरडा वाटेल. पण गडचिरोली, नंदुरबार वा पालघरच्या अनुसूचित क्षेत्रात राहणाऱ्या आपल्यापैकी काहींना त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. १९९६ च्या पेसा कायद्यातही भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमयच सांगितला आहे.

पुढे त्यांनी झारखंड पक्ष उभारला. १९५२ च्या निवडणुकीत तो बिहार विधानसभेतील प्रमुख विरोधी पक्ष ठरला. राज्य पुनर्रचना आयोगाने मात्र स्वतंत्र झारखंडाची मागणी नाकारली. १९६३ साली त्यांनी पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला. अनेक अनुयायांना हे रुचले नाही, आणि त्यांची नाराजी समजण्याजोगी आहे. १९७० साली जयपालसिंगांचे निधन झाले. झारखंड राज्य अस्तित्वात आले ते १५ नोव्हेंबर २००० रोजी, बिरसा मुंडा यांच्या जयंतीदिनी.