बंगालमध्ये न आलेले संत झेवियर

कोलकाता : पार्क स्ट्रीटवरील सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६० पासून ज्यांचे नाव मिरवत आहे, ते फ्रान्सिस झेवियर स्वतः बंगालपर्यंत कधी पोहोचले नाहीत. आजच्या स्पेनमधील नवारा येथे १५०६ मध्ये जन्मलेले झेवियर जेझुइट संघाच्या संस्थापकांपैकी एक होते. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. पुढील दहा वर्षांत तमिळ किनाऱ्यावरील मोती काढणाऱ्यांच्या वस्त्या, मलाक्का, मोलुक्का बेटे आणि जपान येथे त्यांनी धर्मप्रसार केला. १५४६ मध्ये गोव्यात इन्क्विझिशन स्थापन करावे, अशी विनंती त्यांनी पोर्तुगालच्या राजाला केली. ते १५६० मध्ये आले आणि त्याची झळ हिंदूंनाही बसली.

चीनच्या उंबरठ्यावर, शांगच्वान बेटावर, ३ डिसेंबर १५५२ रोजी झेवियर यांचे निधन झाले. तोच त्यांच्या फेस्ताचा दिवस. त्याआधी नऊ दिवस जुन्या गोव्यात नोव्हेना चालतात. बेळगाव, सिंधुदुर्गातून भाविक पायी येतात. या ‘गोंयच्या सायबा’पुढे हिंदूही नतमस्तक होतात. बॉम जेझस बासिलिकेतील चांदीची शवपेटी एरवी उंचावर असते. साधारण दर दहा वर्षांनी पार्थिव खाली आणून से कॅथेड्रलमध्ये दर्शनासाठी ठेवतात. अलीकडे हा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला.