स्टीफन हिस्लॉप : टाकळीचे शंख आणि लिंगोचे गीत

दक्षिणेकडील खंडे कोणे एके काळी एकसंध होती, हा सिद्धान्त मांडताना जगभरचे भूशास्त्रज्ञ एका आदिवासी जमातीचे नाव घेतात. गोंडांच्या प्रदेशातील खडकांच्या एका मालिकेला हेन्री मेडलिकट ह्यांनी १८७२ मध्ये गोंडवन हे नाव सुचविले, ओटोकार फाइस्टमांटेल ह्यांनी ते १८७६ मध्ये छापील शास्त्रीय वाङ्मयात आणले आणि १८८५ मध्ये एडुआर्ड झ्यूस ह्यांनी ते एका लुप्त महाखंडाला बहाल केले. नाव असे पृथ्वीभर गेले. ते नाव धारण करणाऱ्या लोकांचे महागीत मात्र भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकांपैकी फार थोड्यांनी वाचले असेल. मेडलिकट ह्यांच्या आधी वीस वर्षे त्या भूमीतले दगड आणि पुढे तिचे गीत, अशा दोहोंचा संग्रह एकाच माणसाने केला. तो माणूस म्हणजे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. नागपुरात त्यांचे नाव एका महाविद्यालयामुळे नित्य कानांवर येते, आणि अशा नित्य परिचयामुळेच की काय, त्यांच्याविषयीचे कुतूहल तेथे थांबते.

हिस्लॉप ह्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडच्या बेरिकशर परगण्यातील डन्स ह्या गावी झाला. एडिंबरो व ग्लासगो येथे त्यांचे शिक्षण झाले. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च वेगळे झाले, तेव्हा ते नव्या चर्चच्या बाजूस गेले आणि त्याच चर्चचे मिशनरी म्हणून १८४४ च्या अखेरीस सपत्नीक हिंदुस्थानात आले. १८४५ च्या आरंभी ते नागपुरास पोचले. भोसल्यांचे राज्य तेव्हा नावाला का होईना, शिल्लक होते आणि कामठीला मद्रासी पलटणींची छावणी होती. १८४६ मध्ये त्यांनी नागपुरात शाळा काढली. तिच्याच परंपरेतून पुढे १८८३ मध्ये त्यांच्या नावाचे महाविद्यालय उभे राहिले. मराठी त्यांनी कष्टाने आत्मसात केली. तिचा हेतू धर्मप्रसार हा होता, हे विसरून त्यांच्या विद्याव्यासंगाचे मूल्यमापन करणे योग्य होणार नाही. पण त्या हेतूतच त्यांची सारी जिज्ञासा बसविणेही तितकेच चुकीचे ठरेल.

१८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे त्यांचे सहकारी म्हणून आले. पुढे इंग्लंडात सात खंडांचा विश्वकोशात्मक इंग्रजी शब्दकोश संपादून कोशकार म्हणून नाव मिळविलेले हंटर ते हेच. हे दोघे १८५१ साली नागपूरच्या पश्चिमेस टाकळीकडे फिरावयास गेले असता तेथील खडकात त्यांना गोड्या पाण्यातले अश्मीभूत शंख दिसले. टाकळी आज नागपूर शहरातच मोडते. निर्मळच्या डोंगरातील असेच जीवाश्म माल्कमसन ह्यांनी त्यापूर्वीच अभ्यासले होते, तेव्हा असे काही सापडू शकते हे अगदीच अज्ञात नव्हते. नवे होते ते टाकळीचे वैभव. शंखांपाठोपाठ फळे, बिया, पाने आणि भुंग्यांच्या पंखांची कवचेदेखील तेथून निघाली.

ह्या थरांचे रहस्य थोडक्यात असे. दख्खनचा काळा पाषाण एकाच उद्रेकात ओतला गेला नाही. लाव्हाचा एक थर पसरून निवे आणि पुढचा येईपर्यंत पुष्कळ काळ लोटे. त्या अवधीत खोलगट जागी पाणी साचून तळी होत, काठाने झाडी वाढे, तळाशी गाळ बसे. मग नवा लाव्हा येऊन ते सारे झाकून टाकी. गाळात अडकलेल्या फळांत आणि लाकडांत गारेचा अंश झिरपून त्यांचे दगड झाले. हिस्लॉप ह्यांनी १८६० मध्ये ह्या शंखांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यांचा काळ तृतीय युगाच्या आरंभीचा, म्हणजे डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरचा, असा ठरविला. बिरबल साहनी ह्यांनी १९३० नंतरच्या दशकात वनस्पतींच्या पुराव्यावरून ह्याच मताला पुष्टी दिली. पुढे १९८७ मध्ये टाकळीच्याच थरांतील डायनोसॉरच्या अंड्यांच्या कवचांचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि टाकळीचा काळ मागे सरकला. आज हे लाव्हाप्रवाह सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे मानतात. हिस्लॉप ह्यांचा निष्कर्ष पुढे टिकला नाही, परंतु तो खोडून काढणारा पुरावा त्यांनी दाखविलेल्या जागीच मिळाला, ही गोष्ट संग्राहकाच्या पदरी जमा केली पाहिजे.

नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ६० मैलांवरील मांगली येथून एका चपट्या कवटीचा जीवाश्म त्यांच्या हाती आला. डायनोसॉर हा शब्द ज्यांनी घडविला त्या रिचर्ड ओवेन ह्यांनी १८५५ मध्ये त्या प्राचीन उभयचराला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव दिले. त्याच वर्षी हिस्लॉप व हंटर ह्यांचा नागपूर परिसराच्या भूरचनेवरील संयुक्त निबंध लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेने छापला, आणि त्याच वर्षी प्रकृती ढासळल्यामुळे हंटर मायदेशी परतले. पुढील काम हिस्लॉप ह्यांनी एकट्याने नेले. कामठी व सिलेवाडा येथील खाणींतून मिळालेल्या पर्णजीवाश्मांचे वर्णन चार्ल्स बनबरी ह्यांनी १८६१ मध्ये केले. त्यांत ग्लॉसोप्टेरिस ही वनस्पती आहे. दक्षिणेकडील खंडांच्या एकत्वाचा तिने पुढे मोठाच पुरावा पुरविला. ह्या संबंधांची नोंद शास्त्रीय नामावलीतही राहिली आहे. गोड्या पाण्यातील एका सूक्ष्म वसाहती प्राण्याला कार्टर ह्यांनी १८५८ मध्ये हिस्लॉपिया म्हटले, आणि १८५९ मध्ये हॉटन ह्यांनी नागपूरकडील दोन खनिजांना हिस्लॉपाइट व हंटराइट अशी नावे दिली.

येथे एक गोष्ट खटकते. जीवाश्म नागपूरचे, नावे ठेवणारे लंडन-डब्लिनचे, आणि मांगलीची कवटी आजही लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला लोक कौतुकाने अजब बंगला म्हणतात, १८६३ मध्ये, म्हणजे हिस्लॉप ह्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षी निघाले. अर्थात आपल्याकडे राहिले असते म्हणजे सुरक्षित राहिले असते, असेही छातीठोकपणे म्हणवत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालयाची २६ एप्रिल २०१६ च्या आगीत कशी राख झाली, हे यमुनेच्या अलीकडे नोएडात बसून लिहिणाऱ्याने तरी विसरू नये.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला हिस्लॉप ह्यांच्याकडे खेचणारा भाग मात्र ह्याहून वेगळा आहे. प्रवासात दगडांबरोबर ते शब्दही टिपीत. गोंडी, कोलामी, कोरकू अशा भाषांतील शब्दांच्या तुलनात्मक याद्या त्यांनी केल्या. जमातींचे वास्तव्य, दैवते व विधी ह्यांविषयी टिपणे लिहिली. आणि प्रधानांच्या मुखातून लिंगोचे दीर्घ गीत मिळविले. प्रधान हे गोंडांचे वंशपरंपरागत गायक व कुलकथांचे धारक. त्या गीतात महादेव गोंडांना एका गुहेत कोंडतो. फुलातून जन्मलेला लिंगो त्यांची सुटका करतो. ज्यांच्यासाठी तो झिजतो तेच त्याला ठार मारतात. तो पुन्हा जिवंत होतो आणि गोंडांना त्यांचे देव, कुळे व विवाहाचे नियम लावून देतो. उपकारकर्त्याचा वध आणि पुनरुज्जीवन हा विषय एका मिशनऱ्याला किती जवळचा वाटला असेल हे सांगावयास नको. म्हणूनच संग्राहकाच्या श्रद्धेचा रंग पाठावर कितपत चढला हा प्रश्न दृष्टीआड करता येत नाही. परंतु त्या पाठातील विवाहसंबंधांचा आणि कुळांच्या वाटणीचा पसारा इतका गोंडी वळणाचा आहे की, कथेचा गाभा बाहेरून आला असे मानण्यास प्रस्तुत लेखक तयार नाही.

मध्य प्रांत १८६१ मध्ये अस्तित्वात आला आणि पुढच्या वर्षी रिचर्ड टेम्पल हे त्याचे मुख्य आयुक्त झाले. त्यांना हिस्लॉप ह्यांच्या व्यासंगाची पुरती जाण होती. १८६३ च्या सप्टेंबरात दोघे नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील दगडी वर्तुळे पाहावयास गेले. ही वर्तुळे म्हणजे लोहयुगातील दफने. शां. भा. देव ह्यांनी १९६८–६९ मध्ये तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. त्या दिवशी, ४ सप्टेंबरला, टेम्पल पुढे बोरीच्या मुक्कामी परतले आणि हिस्लॉप गावातील शाळेची तपासणी करण्यासाठी मागे राहिले. अंधार पडल्यावर ते घोड्यावरून निघाले. पावसाने वाटेतील ओढ्याला पूर आला होता. घोडा मुक्कामावर आला तो स्वाराविना. शोध घेतला तेव्हा हिस्लॉप बुडून मरण पावल्याचे आढळले. सेहेचाळीस वर्षे पुरी व्हावयास चार दिवस उरले होते. लिंगोच्या गीतातही पुराने अडलेल्या चार गोंडांचा प्रसंग आहे. तेथे मगर दगा देते आणि कासव त्यांना पाठीवर घेऊन पैलतीरी नेते.

हस्तलिखिते तशीच राहिली होती. टेम्पल ह्यांनी ती संपादून १८६६ मध्ये नागपुरात ग्रंथरूपाने छापली. मूळ गोंडी गीत रोमन लिपीत आणि सोबत शब्दशः इंग्रजी अर्थ अशी त्यातील गीताची मांडणी आहे. प्रशासकाने मित्राच्या कागदांवर घेतलेले हे श्रम मोलाचे होते. पण परिणाम असा झाला की, ज्याने पाठ मिळविला त्याला तो तपासून पुरा करण्याची संधी मिळाली नाही, आणि ज्याने छापला त्याने तो गायकाच्या समोर बसून ऐकला नव्हता. जेम्स फॉर्सिथ ह्यांनी १८७१ च्या आपल्या पुस्तकात ही कथा इंग्रजी पद्यात आणली ती लाँगफेलोच्या हायवाथा काव्याच्या छंदात. आणि तो छंद लाँगफेलोने फिनलंडच्या कालेवालावरून उचललेला. तौलनिक साहित्याच्या वर्गात प्रभावाची उदाहरणे शोधणाऱ्यांनी हे एक अवश्य घ्यावे. गोंडी गीत फिनिश चालीवर अमेरिकेमार्गे इंग्रजीत गेले, आणि मराठीच्या मुलखात जन्मून मराठी वाचकाला ते ह्या फेऱ्यानंतर भेटले.

आजच्या तेलंगणातील मालेरी येथूनही हिस्लॉप ह्यांनी जीवाश्म मिळविले होते. त्यांच्यावरील त्यांचे टिपण मृत्यूनंतर, १८६४ मध्ये छापले गेले. मालेरीच्या मगरसदृश प्राण्याला रिचर्ड लिडेकर ह्यांनी १८८५ मध्ये पॅरासुकस हिस्लोपी असे नाव दिले. पुढे असे आढळले की, ज्या तुकड्यांवर हे नाव उभे होते ते सारे एका प्राण्याचे नव्हतेच. त्यांतील कवटीचा एक भाग ऱ्हिंकोसॉर ह्या वेगळ्याच प्राण्याचा होता. शंकर चटर्जी ह्यांनी मालेरीच्याच थरांतून मिळालेल्या अखंड सांगाड्यांचे वर्णन १९७८ मध्ये केले होते. त्यांतील एकाला, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संग्रहातील सांगाड्याला, आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाने २००३ मध्ये ह्या नावाचा आधारनमुना म्हणून मान्यता दिली. नाव जुनेच राहिले, आधार नवा मिळाला.

लिंगोच्या गीताच्या बाबतीत असे काही घडलेले नाही. आदिलाबादच्या ज्या टापूत मालेरी आहे, तेथेच क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्यांना राजगोंडांच्या प्रधानांकडून विस्तृत कथागीते मिळाली व १९४८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तपशिलात ती नागपूरच्या पाठाहून पुष्कळ निराळी आहेत. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडच्या गुहा हेच गोंडांच्या बंदिवासाचे व सुटकेचे स्थान, अशी श्रद्धा असून माघ पौर्णिमेच्या सुमारास तेथे अनेक राज्यांतून गोंड लोक जमतात. कथेची रूपे तेथे आणखी वेगळी ऐकू येतात. तरीही संदर्भग्रंथांत १८६६ चाच पाठ मूळ म्हणून पुढे केला जातो, आणि त्याला हिस्लॉप ह्यांचा पाठ म्हणतात, गाणाऱ्या प्रधानाचा म्हणत नाहीत.