अनुभव आणि कसोटी : धर्मानंद कोसंबी



धम्मदीक्षेच्या वेळी आपल्यापैकी अनेकांची मने भरून आली असतील. डोक्यावरचे ओझे उतरल्यासारखे वाटले असेल. तो अनुभव खरा आहे. परंतु तेवढ्यावरून धम्म सत्य ठरतो काय? उद्या आपली मुले हा प्रश्न विचारतील. तेव्हा धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र ध्यानात ठेवा.

धर्मानंदांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. शालेय शिक्षण जेमतेम झाले. तरुणपणी एका मुलांच्या मासिकात बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्यांचे मन बुद्धावर जडले. १८९९ च्या अखेरीस पत्नी व लहान मुलगी यांना मागे ठेवून ते ज्ञानाच्या शोधात बाहेर पडले. त्या ओढीची किंमत घरच्यांनीही मोजली, हे विसरू नका.

आता पाहा, त्या ओढीलाच त्यांनी पुरावा मानले नाही. काशीला राहून ते संस्कृत शिकले. बुद्धधर्म पाहावयास मोठ्या आशेने नेपाळात गेले, पण तेथील धर्माची अवस्था पाहून निराश झाले. केवळ भावनेवर विसंबले असते तर तेथेच समाधान मानून बसले असते, किंवा सारेच सोडून दिले असते. त्यांनी दोन्ही केले नाही. १९०२ साली ते सिंहलद्वीपाला गेले, श्रामणेर झाले आणि पाली शिकून मूळ ग्रंथ वाचू लागले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले. १९१० पासून अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी त्यांनी अनेक फेऱ्या केल्या. त्यांची ती आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर १९५० साली निघाली.

ज्या बुद्धचरित्राने त्यांना घराबाहेर काढले, त्यालाही त्यांनी कसोटी लावली. म्हातारा, रोगी, प्रेत व संन्यासी पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही सर्वांच्या आवडीची कथा जुन्या सुत्तांशी जुळत नाही, असे त्यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात दाखविले. बाबासाहेबांनीही १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही कथा नाकारली. श्रद्धा खरी असेल तर ती तपासाला भीत नाही.

साक्षात्कार झाल्याचे सांगणारे सर्वच धर्मांत आहेत. प्रत्येकाचा अनुभव पुरावा मानला, तर परस्परविरोधी सिद्धान्त एकदमच खरे मानावे लागतील. अनुभवाने माणूस बदलला एवढे सिद्ध होते, सिद्धान्त सिद्ध होत नाही.

मग अनुभव निरुपयोगी काय? नाही. तो शोधाची सुरुवात आहे. केसपुत्तच्या कालामांना भगवंतांनी परंपरेवर वा गुरूवर विसंबू नका असे सांगितले. लोभ, द्वेष व मोह यांचे फळ स्वतः पाहावयास सांगितले, आणि सुज्ञ माणसे कशाची निंदा करतात तेही पाहावयास सांगितले. हा अनुभव एकट्याचा गुपित अनुभव नव्हे. तो कोणालाही, कोणत्याही घरात तपासता येतो.

१९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा करून बाबासाहेबांनी १९५६ पर्यंत एकवीस वर्षे घेतली. नागपूरला दीक्षा घेतली ती दीर्घ अभ्यासानंतर.

धर्मानंदांनी ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला देह ठेवला. तेव्हा मुलांनी विचारले, तर दीक्षेच्या दिवशी काय वाटले ते जरूर सांगा. पण तेथेच थांबू नका. त्या दिवसानंतर घरातले व्यसन सुटले काय, भांडण कमी झाले काय, मुलगी शाळेत जाऊ लागली काय, हे त्यांना पाहू द्या. आणि पुढचे त्यांचे त्यांना तपासू द्या.