हाफकिन आणि त्यांची लस

मुंबईतील परळ भागात हाफकिन संस्थेची भव्य आणि जुनी इमारत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. हे नाव ज्यांचे, ते हाफकिन कोण होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांची आठवण आजच काढण्याचे कारण सांगतो. २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्रातील शाळाशाळांतून गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम झाली. त्या दिवशी माझ्या वर्गातील काही बाके रिकामी होती. पालकांच्या कानावर अफवा गेल्या होत्या. त्यांचा मला राग आला नाही. मुलाच्या दंडात सुई जाणार म्हटल्यावर आईबापांना शंका येणारच. परंतु शंकेचे उत्तर कसे शोधावे, हे हाफकिन यांच्या जीवनावरून शिकण्यासारखे आहे.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली रशियन साम्राज्यातील एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा येथील विद्यापीठात त्यांनी मेचनिकोव्ह या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली अध्ययन केले. ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा स्वजनांच्या रक्षणासाठी ते पुढे सरसावले आणि त्याबद्दल त्यांना अटकही झाली. मायदेशात वाव नाही हे जाणून ते जिनिव्हामार्गे पॅरिसला गेले. तेथे पाश्चर यांच्या संस्थेत त्यांना काम मिळाले, तेही ग्रंथालयात! फावल्या वेळात त्यांनी पटकीवरील लस सिद्ध केली आणि जुलै १८९२ मध्ये ती सर्वप्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली.

१८९३ साली ते कलकत्त्यास आले. तेथील बस्त्यांतून हिंडून, ज्यांची इच्छा असेल त्यांनाच ते पटकीची लस टोचीत. एकाच घरातील टोचलेले किती व न टोचलेले किती आजारी पडले, याची ते बारकाईने नोंद ठेवीत. हिशेबाशिवाय विश्वास मागायचा नाही, ही त्यांची रीत होती.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले. घराघरांतून उंदीर पडू लागले, पाठोपाठ माणसे मरू लागली आणि निम्मे शहर गावोगाव पांगले. सरकारने हाफकिन यांना पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली आणि एक व्हरांडा, एवढ्या जागेत ते कामाला लागले. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांखाली प्लेगचे जंतू वाढवायचे आणि मग उष्णतेने ते मारायचे, अशी त्यांची पद्धत होती. मांसरसासाठी त्यांनी बकऱ्याचे मांस निवडले, म्हणजे हिंदू किंवा मुसलमान कोणाच्याच धर्मभावनेला धक्का लागू नये. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही प्रथम स्वतःलाच टोचली. त्यांना ताप आला, वेदना झाल्या, पण त्यांनी त्या लपविल्या नाहीत. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली.

तरीही लोक बिचकत होते. अशा वेळी तिसरे आगाखान सर सुलतान महंमद शाह पुढे आले. तेव्हा ते अवघे विशीचे होते. त्यांनी लोकांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली आणि आपली खुश्रू लॉज ही वास्तू प्रयोगशाळेसाठी दिली. परिणामी खोजा समाजातील दहा हजारांहून अधिक लोकांनी लस घेतली.

याच काळातील दुसरे चित्र पाहा. प्लेग आवरण्यासाठी सरकारी पथके घरात शिरून आजाऱ्यांना बळाने उचलून नेत. त्यामुळे मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातील मुसलमान विणकरांच्या वस्तीत दंगल उसळली आणि गोळीबारात माणसे मेली. पुण्यात तर त्याआधीच रँड यांचा खून झाला होता. जबरदस्तीने जे साधले नाही, ते समजावणीने कितीतरी साधले.

त्याच वर्षी बडोद्याजवळील उंढेरा गावात हाफकिन यांनी लशीची परीक्षा घेतली. प्लेग शिरलेल्या घरांतील लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६ दगावले, तर लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३. लस म्हणजे अभेद्य चिलखत नव्हते, हे या आकड्यांतूनच दिसते. पण फरक केवढा, तो वाचकांनीच पाहावा.

आणि मग तो काळा दिवस उजाडला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुळकोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. हे सर्व १९ जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही. चौकशी मंडळाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. वस्तुतः त्या गावी बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो वापरला गेला होता. मलेरिया डासांमुळे पसरतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी पुराव्याची छाननी करून हाफकिन यांची बाजू मांडली. अखेर १९०७ साली ते निर्दोष ठरले. ते भारतात परतले खरे, पण लस तयार करण्याचे काम त्यांच्याकडे पुन्हा आले नाही. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आणि १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

मुळकोवालचे १९ मृत्यू खरे होते. त्या घरांचे दुःख नाकारून लशीची बाजू घेणे योग्य नव्हे. पण खरे कारण न शोधता लशीलाच विष ठरविणे हेही तितकेच अन्यायाचे. प्रश्न जरूर विचारावा. मात्र उत्तर आल्यावर ते ऐकण्याचीही तयारी ठेवावी.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरे, म्हणून ती लस घेणाऱ्यापुरतीच राखण करी. गोवराचे तसे नाही. तो माणसाकडून माणसाकडे जातो. शंभरातील सुमारे ९५ जणांनी लस घेतली, तर रोगाला वाटच उरत नाही. यालाच सामूहिक प्रतिकारशक्ती म्हणतात. नऊ महिन्यांच्या आतील तान्ह्या बाळाला एरवी गोवराची लस देत नाहीत; त्याचे रक्षण शेजारच्या मुलांनी घेतलेली लसच करते. म्हणून आपल्या मुलाला लस न देण्याचा निर्णय आपल्या उंबरठ्याआड राहत नाही. २०२२ साली गोवंडी, भिवंडी आणि मालेगाव येथे गोवर पसरला, तेव्हा ज्या घरांतील लेकरे गेली त्यांना हे फार महागात समजले.

वाचकहो, हाफकिन यांनी हुकूम सोडला नाही, आधी स्वतःचा दंड पुढे केला. आपण शिक्षक, डॉक्टर आणि मोहल्ल्यातील वडीलधारी मंडळींनीही हेच करावे. पुढच्या मोहिमेच्या आधी पालकांना शाळेत बोलवावे, त्यांच्या शंका शांतपणे ऐकाव्यात, आणि आपल्या मुलांना रांगेत सर्वांत पुढे उभे करावे. मी माझ्या मुलीला तसे उभे करणार आहे. त्या दिवशी माझ्या वर्गातले एकही बाक रिकामे राहू नये, एवढीच इच्छा आहे.