‘इको’चे घर आणि अर्न्स्ट हेकेल



गणेशोत्सव जवळ आला की शाडूच्या मूर्तींच्या दुकानावर ‘इको-फ्रेंडली’ अशी पाटी लागते. अनेक शाळांत ‘इको क्लब’ असतो. विज्ञानाच्या पुस्तकात ‘इकोसिस्टिम’ म्हणजे परिसंस्था हा धडा असतो. आणि आजोबांच्या छातीत दुखले तर डॉक्टर ‘टू-डी इको’ काढून आणायला सांगतात. हे सगळे ‘इको’ एकच आहेत का?

नाही. आजोबांच्या तपासणीतला ‘इको’ म्हणजे प्रतिध्वनी. ध्वनिलहरी हृदयावर आदळून परत येतात आणि त्यावरून चित्र तयार होते. इंग्रजीत या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये ‘एच’ असतो. बाकीचे ‘इको’ आले ते ‘ओइकोस’ या ग्रीक शब्दापासून. ओइकोस म्हणजे घर. नुसत्या भिंती नव्हेत, तर माणसे, गुरे, शेतीवाडी असा घराचा सारा पसारा. संस्कृतात घराला ‘वेश्म’ असा एक शब्द आहे. वेश्म आणि आपला रोजचा ‘प्रवेश’ हे दोन्ही ‘विश्’ धातूपासून झाले. हा विश् आणि ग्रीक ओइकोस एकाच प्राचीन मुळातून आले, असे भाषाशास्त्र सांगते. म्हणजे हा ‘इको’ आपल्याला अगदीच परका नाही!

‘इकॉनॉमिक्स’ या शब्दातही हेच घर आहे. त्याचा मूळ अर्थ घराची व्यवस्था. पण हे घर जीवशास्त्रात आणले ते अर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने. त्यांची आज ओळख करून घेऊ.

हेकेल यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८३४ रोजी पॉट्सडॅम येथे झाला. बालपण मेर्सेबुर्ग या गावी गेले. वनस्पती गोळा करण्याचा आणि चित्रे काढण्याचा त्यांना लहानपणापासून नाद होता. वडिलांच्या इच्छेनुसार ते वैद्यकीय शिक्षणाकडे वळले आणि १८५७ साली डॉक्टर झाले. पण रोग्यांपेक्षा सूक्ष्मदर्शकाकडे त्यांचा ओढा अधिक होता.

१८५९ मध्ये ते इटलीला गेले. तेथील निसर्ग पाहून विज्ञान सोडून चित्रकार व्हावे, असेही त्यांच्या मनात आले. अखेर सिसिली बेटावरील मेसिना बंदरात त्यांना चित्रकला आणि विज्ञान एकत्र आणणारा विषय सापडला. तो म्हणजे रेडिओलेरिया. समुद्रात तरंगणारे हे एकपेशीय जीव डोळ्यांना जेमतेम दिसतात, पण त्यांचे वाळूसारख्या सिलिकाचे सांगाडे नक्षीदार असतात. हेकेल यांनी शंभराहून अधिक नव्या जाती शोधल्या आणि १८६२ साली त्यांवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी येना विद्यापीठात ते प्राध्यापक झाले आणि १९०९ पर्यंत तेथेच शिकवत राहिले. दरम्यान त्यांनी डार्विन यांचा उत्क्रांतीवरील ग्रंथ वाचला होता आणि ते त्या मताचे जर्मनीतील सर्वांत खंदे प्रचारक बनले होते.

सगळे सुरळीत चालले असता घात झाला. १८६२ मध्येच त्यांचा विवाह अ‍ॅना सेठे यांच्याशी झाला होता. १६ फेब्रुवारी १८६४ रोजी, हेकेल यांच्या तिसाव्या वाढदिवशीच, अ‍ॅना यांचे आकस्मिक निधन झाले. हेकेल कोलमडून गेले. पुढे एका जेलीफिशला त्यांनी पत्नीचे नाव दिले. तिचे लांब तंतू त्यांना अ‍ॅनाच्या केसांसारखे वाटले.

दुःख विसरण्यासाठी त्यांनी स्वतःला कामात गाडून घेतले. त्यातून १८६६ मध्ये दोन खंडांचा, हजारावर पानांचा, सजीवांच्या रचनेवरील ग्रंथ तयार झाला. नव्या कल्पनांसाठी जुने शब्द अपुरे पडतात म्हणून ग्रीक भाषेच्या मदतीने त्यांनी या ग्रंथात अनेक नवे शब्द घडवले. प्राण्यांचे वर्गीकरण शिकताना आपण ‘फायलम’ म्हणजे संघ हा शब्द वापरतो, तो त्यांचाच. एकपेशीय जीवांसाठीचा ‘प्रोटिस्टा’ही त्यांचा. आणि ‘इकॉलॉजी’ही! ओइकोस म्हणजे घर आणि लोगोस म्हणजे विवेचन किंवा शास्त्र. सजीवाचा भोवतालच्या परिस्थितीशी आणि इतर सजीवांशी काय संबंध असतो, याचा अभ्यास म्हणजे इकॉलॉजी. वाघ पिंजऱ्यात ठेवून त्याचे दात मोजता येतात. पण तो काय खातो, त्याचे पाणी कोठे आहे, त्याच्यामुळे हरणांवर आणि गवतावर काय परिणाम होतो, हे त्याच्या घरीच कळते. सगळी सृष्टी हे एक मोठे घर आहे, हा विचार हेकेल यांनी एका शब्दात बसवला.

जेलीफिश, रेडिओलेरिया आणि इतर सागरी जीवांच्या शोधात ते आयुष्यभर फिरले. १८८१ च्या नोव्हेंबरमध्ये सिलोनला म्हणजे आजच्या श्रीलंकेला जाताना ते आठवडाभर मुंबईत राहिले होते. या प्रवासाचे वर्णन त्यांनी पुस्तकरूपाने लिहिले आहे. १८९९ ते १९०४ या काळात निसर्गातील कलारूपांवरील त्यांची शंभर चित्रे प्रसिद्ध झाली. आजही ती पाहताना भान हरपते.

पण मित्रांनो, थोर माणसाचे चरित्र सांगताना त्याच्या चुका झाकून ठेवणे बरे नव्हे. १८६८ मध्ये त्यांनी सामान्य वाचकांसाठी एक पुस्तक लिहिले. कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे गर्भ सुरुवातीला किती सारखे दिसतात, हे दाखवण्यासाठी त्यात तीन चित्रे छापली. प्रत्यक्षात तीनही ठिकाणी एकच ठसा वापरला होता! बाझेलचे प्राध्यापक रुटिमायर यांनी ही गोष्ट उघड केली. पुढील आवृत्तीत हेकेल यांनी चित्र बदलले. परंतु १८७४ च्या पुस्तकातील गर्भचित्रांवरही विल्हेल्म हिस या शास्त्रज्ञाने असाच आक्षेप घेतला. तरीही अशी चित्रे शंभर वर्षांहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांत छापली जात राहिली. १९९७ मध्ये मायकेल रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या गर्भांची छायाचित्रे शेजारी ठेवून फरक दाखवून दिला. गर्भांत काही साम्य असते हे खरे, आणि उत्क्रांतीला इतरही भक्कम पुरावे आहेत. म्हणजे खोट्या चित्रांची गरजच नव्हती. शिवाय हेकेल यांनी मानववंशांची उच्च-नीच अशी उतरंड लावली. तिला शास्त्राचा आधार नव्हता आणि तिने माणसांचे नुकसानच केले. सृष्टी हे एक घर मानणाऱ्याने त्या घरातल्या माणसांत मात्र भेद केला, ही खेदाची गोष्ट आहे.

९ ऑगस्ट १९१९ रोजी येना येथे हेकेल यांचे निधन झाले. त्यांचा शब्द मात्र वाढत गेला. इंग्रजीत त्याचे स्पेलिंग आधी ‘ओ’ने सुरू होई, १८९३ मध्ये अमेरिकेतील मॅडिसन येथे भरलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या परिषदेने तो ‘ओ’ गाळला. १९३५ मध्ये आर्थर टान्सली यांनी ‘इकोसिस्टिम’ हा शब्द दिला. पश्चिम घाटाविषयी डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये जो अहवाल दिला, त्या समितीच्या नावातही ‘इकॉलॉजी’ होतेच.

या चरित्रातून आपण काय घ्यायचे? प्रयोगशाळेत स्लाइड पाहायची सोडून गाइडमधली आकृती जर्नलमध्ये उतरवून काढण्याचा मोह आपल्यापैकी अनेकांना होतो. आकृती सुबक येते, गुणही मिळतात. पण हेकेल यांच्यासारख्या निष्णात चित्रकाराची सुबक आकृतीही शेवटी खऱ्या नमुन्यापुढे टिकली नाही. तेव्हा पुढच्या प्रात्यक्षिकाला आधी स्लाइड नीट पाहा आणि दिसते तेच काढा. वाकडे आले तरी चालेल. आणि पालकांनो, मुलांच्या वाकड्या पण खऱ्या आकृतीचे घरी कौतुक करा.