मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा नकाशा देणारे एगास मोनिझ

पक्षाघाताच्या रुग्णाच्या मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी आज बारीक नळीवाटे काढली जाते. त्यानंतर रक्तस्राव होण्याचा धोका किती, याचा अंदाज मेंदूच्या स्कॅनवरून बांधला जातो. गुठळीपर्यंतची वाट दाखवणाऱ्या मेंदूच्या अँजिओग्राफीचे जनक होते पोर्तुगालचे डॉ. एगास मोनिझ.

१८७४ मध्ये अवांका येथे जन्मलेले मोनिझ १९११ पासून लिस्बन येथे मज्जासंस्थाशास्त्राचे प्राध्यापक होते. १९१८ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. राजकारणातून बाहेर पडल्यावर, पन्नाशी उलटताना त्यांनी हे संशोधन हाती घेतले. गाउटमुळे त्यांचे हात अधू झाले होते. त्यामुळे इंजेक्शन देण्याचे काम सहकारी अल्मेडा लिमा करीत. स्ट्राँशियम ब्रोमाइडच्या प्रयोगात एक रुग्ण दगावला. मोनिझ यांनी ते द्रव्य सोडून सोडियम आयोडाइड वापरले. जून १९२७ मध्ये जिवंत रुग्णाच्या मेंदूतील धमन्या क्ष-किरण चित्रात उमटल्या.

१९४९ चे नोबेल मात्र त्यांना मनोविकारांवरील ल्युकोटॉमी शस्त्रक्रियेसाठी मिळाले. तिचे दुष्परिणाम गंभीर होते. पुढे ती त्याज्य ठरली. १३ डिसेंबर १९५५ रोजी मोनिझ यांचे निधन झाले. नोबेलने ज्या कामाची दखल घेतली नाही, तेच आजही प्राण वाचवत आहे.